बाजूला उभं राहण्याचं काम: मंगोलियातलं एक मिशनरी जोडपं

[दृश्य: पाचमजली जुनी इमारत. पहाटेचा अंधार. गावाच्या कडेला चुलींच्या धुराचा थर.]

जानेवारी महिना. बाहेर पारा उणे ३० अंशांवर, आणि घरात अंगावर स्वेटर नको होईल इतकं गरम. मंगोलियातल्या शहरांत इमारती तापवायचं पाणी औष्णिक वीजकेंद्रातून जमिनीखालच्या नळांनी येतं. हंगाम ठरलेला, १५ सप्टेंबर ते १५ मे. जुन्या इमारतींत उष्णता कमी-जास्त करायची सोय घरात नसते. उकडलं की खिडकीतली छोटी झडप उघडायची. हवा एवढी कोरडी होते की नाकाचा घोळणा फुटतो, म्हणून रात्री रेडिएटरवर ओला टॉवेल पसरून झोपायचं.

या घरात अमेरिकेतून आलेलं, साठी ओलांडलेलं एक जोडपं राहतं. दोघांच्या छातीवर काळी नामपट्टी. चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या पंथाचे हे ज्येष्ठ मिशनरी. नवऱ्याला सगळे एल्डर म्हणतात, आणि बायकोला सिस्टर.

पांढरा शर्ट घालून जोडीने फिरणारे या पंथाचे तरुण मिशनरी पुष्कळांनी पाहिलेले असतात. ज्येष्ठ जोडप्यांचं काम निराळं. वीस-चाळीस माणसांची एखादी मंडळी आपल्या पायावर उभी राहीपर्यंत तिच्या बाजूला उभं राहायचं. पुढे जाऊन उभं राहायचं नाही, आणि सगळ्यात अवघड तेच असतं.

मंगोलियात या पंथाची सुरुवातच अशा जोडप्यांनी केली. समाजवादी राजवट संपल्यावर, १९९२ च्या सप्टेंबरमध्ये ६ ज्येष्ठ जोडपी राजधानी उलानबातरला आली, ती उच्च शिक्षणाच्या कामात मदत करायला. १९९५ मध्ये इथे स्वतंत्र मिशन झालं. २००१ मध्ये पंथाचा धर्मग्रंथ, मॉर्मनचा ग्रंथ, मंगोलियन भाषेत आला. अनेक मंडळ्या मिळून होतो तो 'स्टेक' २००९ मध्ये उलानबातरला स्थापन झाला. लहान मंडळीला 'शाखा' म्हणतात, आणि शाखाध्यक्ष तिथलाच माणूस असतो. पगार नाही. नोकरी-धंदा, घरसंसार सांभाळून तो हे काम करतो.

[दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल. औषधांच्या डब्या, आठवड्याचे खण असलेली पेटी.]

इथे राहण्याचा खर्च जोडपं स्वतः करतं. मुदत ६, १२, १८ किंवा २३ महिन्यांची. कुठे जायला आवडेल हे कळवता येतं, पण नेमणूक सॉल्ट लेक सिटीतल्या मुख्यालयातून होते. घरभाडं काही देशांत फार पडतं, म्हणून २०११ मध्ये जोडप्याच्या वाट्याला महिना १४०० डॉलरची कमाल मर्यादा घालण्यात आली. त्यावरचं भाडं चर्च भरतं.

खरी चाळणी तब्येतीची. निघण्यापूर्वी डॉक्टर आणि दंतवैद्य दोघांचे तपासणी-अर्ज लागतात. दात आधीच नीट करून घेणं फार महत्त्वाचं, कारण राजधानीपासून लांब दाढ ठणकायला लागली तर एक अख्खा दिवस गाडीत जातो. अमेरिकेतली ज्येष्ठांची सरकारी विमा योजना, मेडिकेअर, देशाबाहेर जवळजवळ लागू होत नाही. वेगळा विमा घ्यावा लागतो, आणि त्यात रुग्णाला दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च धरलेला आहे ना, हे वाचून बघावं लागतं. रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत. चिठ्ठीवर कंपनीच्या नावासोबत औषधाचं मूळ नाव, कारण ते ब्रँड इथल्या दुकानात मिळतीलच असं नाही.

उलानबातरमध्ये असतील तर हिवाळ्यात घराबाहेर पडताना मास्क हवाच, तोही कापडी नाही. घरात हवा शुद्ध करणारं यंत्र, आणि त्याची जाळी काळी पडली की लगेच बदलायची. पण या वयाला धुरापेक्षाही मोठा धोका पायाखाली असतो. वितळून पुन्हा गोठलेला बर्फ काचेसारखा गुळगुळीत होतो. बुटांवर चढवायचे रबरी खिळेपट्टे बाहेर पाऊल टाकण्याआधी घालायचे, आणि दुकानाच्या फरशीवर शिरताना काढायचे. नेमके तिथेच लोक घसरतात, खिळे फरशीवर सरकतात म्हणून. हात खिशात घालून चालायचं नाही. मनगट मोडलं तर सेवा तिथेच संपू शकते.

सोमवारी सकाळी ८ वाजता नातवंडांशी व्हिडिओ कॉल. यूटा राज्यात तेव्हा रविवार संध्याकाळचे ५ वाजलेले असतात. उन्हाळ्यात तिकडची घड्याळं तासाभराने पुढे जातात, इकडची नाहीत, म्हणून ६. तरुण मिशनऱ्यांइतकं कडक वेळापत्रक ज्येष्ठांना नसतं. घरच्यांशी हवं तेव्हा बोलावं, दमलं की विश्रांती घ्यावी. घेतलीच पाहिजे. पहिल्या दोन महिन्यांत उत्साहाने स्वतःला झिजवलेलं जोडपं तिसऱ्या महिन्यात अंथरूण धरतं.

[दृश्य: भाड्याच्या मजल्यावरची छोटी खोली. संगणक. शाखेचा कारकून, वय पंचविशीचं. शेजारी खुर्चीवर एल्डर.]

दुपारी नोंदींचं काम. कुटुंबांच्या याद्या, बाप्तिस्म्याच्या तारखा, रविवारची हजेरी. ऐकायला सोपं वाटतं, पण गाठ पडते ती नावांशी. मंगोलियन माणसाचं रोजच्या वापरातलं नाव एकच. आधी वडिलांचं नाव षष्ठीत लागतं. दोर्ज यांचा मुलगा बात असेल तर 'दोर्जीन बात', आणि बातची मुलगी ओयुन असेल तर 'बातीन ओयुन'. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये आणि घराण्याचं आडनाव शेवटी असतं; इथे ते शेवटचं आडनाव रोजच्या व्यवहारात नसतंच. ओळखपत्रावर कुळाचं नावही असतं, पण ते १९९० नंतर पुन्हा वापरात आलेलं. बायको लग्नानंतर आपल्या वडिलांचंच नाव ठेवते. म्हणजे एका घरातले आजोबा, मुलगा, सून आणि नात, चौघांची 'आडनावं' चार.

संगणकाच्या यादीला आडनावाचा रकाना हवा असतो. कुणी तिथे वडिलांचं नाव भरतं, कुणी कुळाचं. रोमन अक्षरांत लिहिताना एकाच नावाची स्पेलिंगं तीन होतात. मग एकाच माणसाच्या दोन नोंदी तयार होतात, आणि गाव सोडून गेलेल्या माणसाचा पत्ता लागत नाही. उपाय एकच: ओळखपत्र समोर ठेवून, सिरिलिक लिपीतलं नाव अक्षरन् अक्षर जुळवायचं आणि जन्मतारीख ताडून पाहायची. दिवसाला सात-आठ नोंदींपेक्षा जास्त होत नाहीत.

एल्डरांना संगणक चालवता येतो, आणि हे काम ते निम्म्या वेळात उरकतील. पण माऊस कारकुनाच्या हातात आहे. चुकला तर चुकू द्यायचं आणि तो विचारेपर्यंत गप्प बसायचं. हे ज्यांना जमत नाही, ते परत गेल्यावर त्या शाखेची नोंदवही महिनाभरात थांबते. असं झालेलं आहे, एकदा नव्हे.

[दृश्य: गावाची कड. लाकडी कुंपणं, आत पांढऱ्या गेर, म्हणजे नमद्याचे गोल तंबू. सोबत दुभाषी मुलगी.]

संध्याकाळच्या आत एक घरभेट. कुंपणाशी थांबून दुभाषी हाक देते, "नोखोय खोर!" म्हणजे कुत्रा आवरा. कुत्रा नसला तरी अशीच हाक देतात. जोडप्याने तिच्या मागे थांबायचं. आधी फाटक उघडलं तर कुत्रा खरोखर अंगावर येतो.

गेरचं दार दक्षिणेला. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, तो ओलांडून आत जायचं. डावीकडून, म्हणजे पश्चिमेच्या बाजूने वळायचं. पाहुण्यांची जागा तिकडे. मधल्या दोन खांबांमधून जायचं नाही. चुलीकडे पाय करून बसायचं नाही, विस्तवात कागदाचा कपटाही टाकायचा नाही. मंगोलियात पिकल्या केसांना मान आहे, म्हणून ज्येष्ठ जोडप्याला आत, उत्तरेकडे बसवायचा आग्रह होतो. आग्रह झाल्यावर जावं, आपणहून जाऊ नये.

मग वाटी पुढे येते. सूतेय चाय: चहा, दूध, मीठ. या पंथात चहा, कॉफी, दारू आणि तंबाखू वर्ज्य. यजमान पंथाबाहेरचे असतील तर दुभाषीने आधीच फोनवर सांगून ठेवायचं. ते राहून गेलं तर वाटी उजव्या हाताने घ्यायची, डाव्या तळव्याचा आधार उजव्या कोपराला द्यायचा, वाटी ओठांपर्यंत नेऊन खाली ठेवायची. ढकलून देणं हा अपमान. मंडळीतल्या घरांत बहुधा ह्यारम मिळतं, पाणी घालून उकळलेलं दूध, चहाशिवाय. थंडीत ते छान लागतं. उन्हाळ्यात घोडीच्या दुधाचं आंबवलेलं आयराग समोर येतं. त्यात थोडं मद्य असतं, म्हणून तिथेही हाच रिवाज.

निघण्यापूर्वी सिस्टर एका गोष्टीकडे नक्की पाहतात: कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र भिंतीवर आहे का, आणि त्याचा सेल चालतो का. उलानबातरमध्ये मे २०१९ पासून कच्चा कोळसा जाळायला बंदी आहे. त्याजागी दाबून केलेल्या वड्या आल्या. त्या वर्षी थंडी सुरू होताच विषबाधा झाल्या, माणसं दगावली. या वायूला ना वास, ना रंग. धुरांडं काजळीने अर्धं बुजलेलं असेल किंवा झोपताना त्याची झडप पूर्ण लावली असेल, तर घरातले झोपेतून उठत नाहीत. यंत्राचं बटण दाबून आवाज ऐकायला दहा सेकंद लागतात. तरुण मिशनऱ्यांच्या खोल्यांवरही हीच तपासणी होते.

पैशाची गोष्ट इथेच निघते. घरात कोळसा संपलाय, मुलाचे बूट फाटलेत, आणि जोडप्याच्या खिशात डॉलर आहेत. द्यायचे नाहीत. उसनेही नाहीत. कठोर वाटेल, पण नियम अनुभवातून आलाय. एका घराला मदत झाली की शेजारच्या घराला का नाही, हा प्रश्न उभा राहतो, आणि मंडळी दोन दिवसांत दुभंगते. महिन्याच्या पहिल्या रविवारी सभासद दोन जेवणं सोडतात आणि वाचलेले पैसे उपासाचं दान म्हणून देतात. गरजूंची मदत त्यातून, शाखाध्यक्षांच्या निर्णयाने होते. जोडप्याने एवढंच करायचं: जे दिसलं ते शाखाध्यक्षांच्या कानावर घालायचं, त्याच दिवशी.

[दृश्य: रविवार. खुर्च्यांच्या पाच ओळी. पांढऱ्या कापडाने झाकलेलं टेबल.]

सभा दोन तासांची. २०१८ अखेरपर्यंत ती तीन तासांची असे. पहिला तास प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ पाव आणि पाणी वाटण्याचा, नंतर वर्ग. दार तासभर आधी उघडावं लागतं, आणि पाव आदल्या रात्री आणून ठेवावा लागतो. सकाळी दुकान बंद असलं तर धावपळ उडते. ४० माणसांना पावाचे ४-५ काप पुरतात. द्राक्षारसाच्या जागी पाणी. छोटे पेले दोन तृतीयांशच भरायचे. काठोकाठ भरले तर तबक फिरवणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाच्या बाहीवर सांडतात.

प्रार्थना सोळा-सतरा वर्षांचा मुलगा गुडघे टेकून म्हणतो. शब्द ठरलेले, त्यात एकही बदल चालत नाही. आज एक शब्द सुटला. शाखाध्यक्ष मान हलवून खूण करतात आणि मुलगा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. सभागृह शांत आहे, कुणी वळून पाहत नाही. एल्डर दुसऱ्या ओळीत बसले आहेत. खूण करणं त्यांचं काम नाही.

गीतांना साथ ध्वनिमुद्रणाची आहे. ते चालतं, पण लय लहान मुलांना झेपत नाही. म्हणून सिस्टर मंगळवारी आणि गुरुवारी दोन मुलींना कीबोर्ड शिकवतात. गीतं सोपी करून घेतलेली, उजव्या हाताला सूर आणि डाव्याला एकच पट्टी. पन्नास गीतांच्या मागे न लागता चार निवडायची, आणि ती चार पक्की झाली की मुलीला रविवारी पुढे बसवायचं.

एल्डरांचं भाषण असेल तेव्हा ते लिहून शुक्रवारीच दुभाषीला देतात. मराठीसारखंच मंगोलियन वाक्यातही क्रियापद शेवटी येतं. इंग्रजीतलं लांब, फांद्या फुटलेलं वाक्य तिला पूर्ण ऐकून मग उलटं लावावं लागतं, आणि त्यात अर्धं निसटतं. एका दमात दोन छोटी वाक्यं, बस्स. दहा मिनिटांच्या वेळेत पाच मिनिटांचंच बोलणं बसतं. दुभाषी सतत बोलत राहिली तर ती स्वतः काहीच ऐकत नाही. म्हणून आलटून-पालटून दोघी हव्यात.

[दृश्य: त्सगान सार. टेबलावर वाफाळते बूझ.]

चांद्र नववर्षात एका दिवसात सहा-सात घरं. प्रत्येक घरी बूझ, म्हणजे मटणाचं सारण भरून वाफवलेले, मोदकासारखे. दोन-तीन तरी खावेच लागतात, म्हणून पहिल्या घरी हात आवरायचा. भेटताना लहानाने दोन्ही हात मोठ्याच्या कोपरांखाली धरायचे. नवरा-बायको एकमेकांना अशी भेट देत नाहीत, हे परदेशी जोडप्याला कुणी आधी सांगत नाही.

[दृश्य: ऑफिसची खोली. एक जाड वही.]

शेवटचे दोन महिने हस्तांतराचे. कारकून एकटा नोंदी करतो, मुली एकट्या वाजवतात, पाव कुणी आणायचा याची पाळी लागते. पुढचं जोडपं येईलच असं नाही. धार्मिक कामाच्या व्हिसांवर मर्यादा आहे, आणि संस्थेची सरकारी नोंदणीही ठराविक मुदतीने नव्याने करावी लागते. तिची तारीख वहीत पहिल्या पानावर. मग नळ फुटला तर कुणाला फोन करायचा, कोणती किल्ली कोणत्या दाराची, यंत्रांचे सेल कधी बदलले. वही इंग्रजीत आणि एल्डरांच्या अक्षरात असेल तर ती कपाटातच पडून राहते. म्हणून ती मंगोलियनमध्ये लिहायची, कारकुनाच्या हाताने, आणि एक प्रत शाखाध्यक्षांच्या घरी ठेवायची.