पेटी, टाकी आणि अर्धा तास

पेटीचं झाकण निघालं. आत पितळी सुरांच्या, म्हणजे हवेनं वाजणाऱ्या जिभल्यांच्या दोन ओळी, त्यांवर वर्षभराची धूळ. मे महिना, जालन्याजवळची वस्ती, सकाळचे साडेसहा. वीस वर्षांचा हा तरुण सुट्टीत घरी आलाय. चर्चमध्ये पेटी तोच वाजवतो आणि दुरुस्तही तोच करतो.

आधी भाता. एकही पट्टी न दाबता भरायचा, हात सोडायचा. हवा टिकली पाहिजे. इथं लगेच बसली. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात लाकूड आकसतं, सुरांच्या फळीचे स्क्रू सैल होतात, फटीतून हवा निसटते. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. एकच बाजू ताणली तर फळी वाकते. अडकलेल्या सुराखालून पातळ कागदाची पट्टी सरकवायची. तोंडानं फुंकायचं नाही. ओलाव्यानं पितळ हिरवं पडतं. सूर उतरला असेल तर टोकाशी अगदी हलकं घासायचं, चढला असेल तर मुळाशी. हात जड पडला की तो सूर गेलाच.

तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, उन्हानं ताणते. पहाटे काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराला लावलेला तबला दुपारपर्यंत चढतो. मग गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, खालून हातोडी. वाजवून झाला की तो गोधडीत.

काळी चार मुलांसाठी. काळी एक ही मोठ्या पुरुषांची पट्टी. त्यात संडे स्कूलमधली मुलं खालच्या सुरांवर नुसती पुटपुटतात. आणि म्हणायचे अभंगच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांचा हात सोडला नाही. मराठी चर्चमध्ये अभंग-कीर्तन रुजलं त्यात त्यांचा मोठा वाटा. कीबोर्डचा तयार ठेका सोपा खरा, पण अभंगाला जिथं थांबायचं असतं तिथं तो थांबत नाही.

टँकर आला. चर्चच्या आवारातली ही टाकी 2000 लिटरची. तिच्यावर निळ्या रंगात एवढंच लिहिलंय : मत्तय 10:42. लहानातल्या लहानाला थंड पाण्याचा प्याला देण्याविषयी प्रभू येशू बोलतो, ते वचन. नळ मात्र सगळ्या वस्तीचा.

1000 लिटरला 5 ग्रॅम टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर; इथं 10 ग्रॅम. प्लॅस्टिकच्या मगात थोड्या पाण्यात कालवायची, मग आणखी पाणी घालून दहा मिनिटं ठेवायची. चुना तळाशी बसतो. वरची निवळी तेवढी टाकीत. पावडर थेट टाकली तर ती नीट मिसळत नाही आणि चुना नळात अडकतो.

आता अर्धा तास नळ बंद. क्लोरीनला तेवढा वेळ द्यावाच लागतो, आणि उन्हात हंडे घेऊन उभ्या बायकांना थांबा म्हणणं सोपं नसतं. म्हणून पेटी नेमकी आत्ता बाहेर येते. लिंबाखाली सतरंजी, मुलं पुढं, टाळ रांगेतल्या आज्यांच्या हातात. पाच अभंग झाले की अर्धा तास भरतो.

मग ओटी टेस्ट, पाण्यात क्लोरीन उरलाय का ते पाहायची. काचनळीत टाकीचं पाणी, त्यात औषधाचे थेंब. पिवळसर झालं तर नळ सोडायचा. परवा रंगच आला नव्हता : पावडरीची पिशवी उघडी राहिली होती, उन्हानं क्लोरीन उडून गेला होता. त्या दिवशी नवी पिशवी, पुन्हा निवळी, पुन्हा पाच अभंग.

जूनमध्ये कॉलेज सुरू होईल. टाकीच्या नोंदींची वही तरुण संघातल्या दोन मुलींकडे गेली आहे.

काचनळी उन्हात धरलीय. पिवळी. नळ सुटतो, तबला अजून चालूच आहे.