दहा नंबरची जर्सी कुणाला?

नमस्कार श्रोतेहो.

दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाला, म्हणजे स्प्रिंगबॉक्सना, चार विश्वचषक मिळाले आहेत. १९९५, २००७, २०१९ आणि २०२३. चार वेळा जिंकलेला दुसरा संघ जगात नाही. इतकं सगळं पदरात पडल्यावर तिथले लोक निवांत असतील असं आपल्याला वाटेल. पण एका जागेचा विषय काढा, केप टाउन आणि प्रिटोरिया हमरीतुमरीवर येतात. ती जागा म्हणजे दहा नंबर, फ्लाय-हाफ. आपल्याकडे भारतीय संघाच्या विकेटकीपरवरून वाद झडतात ना, ते त्यापुढे अगदीच सौम्य म्हणायचे.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी रग्बी पाहिली नसेल. पाहिली असलीच तर मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणाबाहेर उभं राहून, पावसाळ्यात, चिखलात. म्हणून आधी थोडं सांगतो. पंधरा जणांचा संघ. पुढचे आठ धिप्पाड गडी रेटारेटी करून चेंडू मिळवतात, नऊ नंबरवाला तो उचलून मागे फेकतो, आणि ज्याच्या हातात तो येतो तो दहा नंबर. चेंडू येईपर्यंत समोरचे दोघे-तिघे त्याच्या अंगावर धावून आलेले असतात. हातानं चेंडू पुढे फेकायला रग्बीत बंदी आहे. तेव्हा मागच्याला पास द्यायचा, स्वतः घुसायचं, की पायानं चेंडू लांब धाडायचा, हे क्षणभरात ठरवायचं. त्याच्या त्या एका निर्णयावर बाकीची बॅकलाइन, म्हणजे मागचे गडी, धावत सुटते.

हे झालं पहिलं काम. दुसरं काम शांत डोक्याचं आहे. पेनल्टी मिळाली की चेंडू टी नावाच्या छोट्याशा बैठकीवर उभा करायचा, चार पावलं मागे जायचं, आणि एकमेकांपासून ५.६ मीटर अंतरावरच्या दोन खांबांमधून, ३ मीटर उंचीवरच्या आडव्या दांडीवरून तो मारायचा. पेनल्टीचे ३ गुण. चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला की ट्राय, आणि त्यानंतरच्या कन्व्हर्जन नावाच्या किकचे २. पेनल्टीला ६० सेकंदांची मुदत आणि समोर ओरडणारी साठ-सत्तर हजार माणसं.

ही दोन्ही कामं एकाच माणसानं करावीत असा नियम कुठेही नाही. रिवाज मात्र तसा पडलाय, आणि दक्षिण आफ्रिकेत तर तो फारच पक्का झालाय. त्याला कारण आहे. १९९५ च्या अंतिम सामन्यात, जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर, न्यूझीलंडला १५-१२ असं हरवताना सगळेच्या सगळे १५ गुण जोएल स्ट्रान्स्की या फ्लाय-हाफचे होते. जादा वेळेतला त्याचा ड्रॉप गोल, म्हणजे चेंडू हातातून टाकून टप्प्यावर खांबांमधून मारलेली किक, आजही दाखवला जातो. १९९९ मध्ये हेन्री हॉनिबॉल जायबंदी होता म्हणून यानी द बीअरला खेळवलं, आणि त्यानं पॅरिसमध्ये इंग्लंडविरुद्ध एका डावात पाच ड्रॉप गोल मारले. डाव म्हणजे अर्धा सामना, चाळीस मिनिटं! अशा परंपरेत वाढलेल्या प्रेक्षकाला दहा नंबर म्हटलं की खांबच दिसतात.

आता आजचे तिघे. हँड्रे पोलार्ड, मानी लिबॉक आणि साशा फाइनबर्ग-म्नगोमेझुलू.

लिबॉकपासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते त्याच्यावर थोडा अन्यायच झालाय. २०२३ च्या विश्वचषकाचा पहिला सामना, मार्सेलला, स्कॉटलंडविरुद्ध. लिबॉकनं चेंडू घेतला, मान एकीकडे वळवली, आणि किक मारली ती भलतीकडे! मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कर्ट-ली अरेंडसे मोकळा उभा होता, चेंडू अलगद त्याच्या हातात. बचाव करणारे लिबॉकच्या नजरेकडे बघत राहिले आणि तिकडे ट्राय झाला. असली किक मारण्याची कल्पना सुचायलासुद्धा वेगळं डोकं लागतं. दोन आठवड्यांनी आयर्लंडनं त्यांना १३-८ असं हरवलं. त्या दिवशी लिबॉक आणि नऊ नंबरचा फाफ द क्लर्क या दोघांनी मिळून पायानं ११ गुण वाया घालवले. मार्सेलची ती किक लोक विसरले, हे ११ गुण लक्षात राहिले.

मग पोलार्ड. पोटरीच्या दुखापतीमुळे तो मूळ संघात नव्हताच. माल्कम मार्क्सचा गुडघा गेला आणि त्याच्या जागी पोलार्डला बोलावलं. मार्क्स हा हुकर, पुढच्या फळीतला पैलवान. त्याच्या बदल्यात फ्लाय-हाफ मागवला, यावरून काय ते समजा. उपांत्य सामन्यात पॅरिसच्या पावसात इंग्लंडनं लिबॉकला जखडून टाकलं. प्रशिक्षकांनी ३१ व्या मिनिटाला त्याला बाहेर काढलं आणि पोलार्डला आत पाठवलं. सामना संपायला जेमतेम तीन मिनिटं उरली असताना स्क्रममध्ये, म्हणजे त्या आठ-आठ गड्यांच्या रेटारेटीत, पेनल्टी मिळाली. दोन गुणांनी मागे, खांब जवळपास ५० मीटर लांब. पोलार्डनं ती मारली. १६-१५. पुढच्या आठवड्यात अंतिम सामना, न्यूझीलंडविरुद्ध १२-११, आणि ते १२ गुणही त्याच्याच चार पेनल्टींचे. त्याआधी २०१९ च्या अंतिम सामन्यात योकोहामाला त्यानं २२ गुण केले होते. दोन विश्वचषकांच्या अंतिम सामन्यांत ज्याचा पाय डगमगला नाही, त्याच्याविरुद्ध बोलायला तोंड कुठून आणायचं?

तरी बोलतो. पोलार्डचा जन्म १९९४ चा. पुढचा विश्वचषक ऑक्टोबर २०२७ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू होतोय, तेव्हा तो ३३ वर्षांचा असेल. वय हे एकच कारण असतं तर मी गप्प बसलो असतो. पण टोनी ब्राउन हा न्यूझीलंडचा माणूस २०२४ पासून स्प्रिंगबॉक्सचं आक्रमण सांभाळतोय आणि त्याला चेंडू हातातून खेळवायचाय. पोलार्ड जरा मागे, खोल उभा राहून खेळतो. सुरक्षित खेळ. बचावफळीला विचार करायला तेवढाच वेळ मिळतो.

२०२५ चा मोसम आठवून बघा. ऑगस्टमध्ये एलिस पार्कवर लिबॉकला खेळवलं. २२-० अशी आघाडी घेतली आणि नंतर ऑस्ट्रेलियानं ओळीनं ३८ गुण केले. पुढच्या आठवड्यात केप टाउनला पोलार्ड आला, ३०-२२ असा विजय. लोक म्हणाले, बघा, सांगत नव्हतो? मग पोलार्डसह ऑकलंडच्या ईडन पार्कवर गेले आणि २४-१७ असे हरले. आठवडाभरानं वेलिंग्टनला साशाला उतरवलं. मध्यंतराला न्यूझीलंड १०-७ नं पुढे होतं. सामना संपला तेव्हा धावफलकावर ४३-१०. न्यूझीलंडचा आजवरचा सर्वांत मोठा पराभव. दोन आठवड्यांनी डर्बनमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध ६७-३०, त्यात एकट्या साशाचे ३७ गुण: तीन ट्राय, आठ कन्व्हर्जन, दोन पेनल्टी. एका कसोटीत इतके गुण कुठल्याही स्प्रिंगबॉकनं आधी केले नव्हते. पर्सी माँटगोमेरीचा ३५ चा विक्रम मोडला.

हा मुलगा २००२ चा. बचावफळीच्या अगदी नाकासमोर जाऊन चेंडू घेतो, त्यामुळे समोरच्याला त्याला सोडून दुसऱ्याकडे सरकता येत नाही आणि बाजूच्यांना आपसूक जागा मिळते. नको तिथे धाडसही करतो, हेही खरं. आघाडीवर असताना स्वतःच्याच भागात कशाला पासची हौस, असं मला स्वतःला कितीतरी वेळा वाटलंय. पण ती खोड काढता येते. सगळं मैदान एकदम बघणारी ती नजर मात्र शिकवून येत नाही.

मग पोलार्डला बेंचवर बसवा, शेवटची वीस मिनिटं त्याची, असं सगळेच म्हणतात. ऐकायला सोपं. पण रासी इरॅस्मस या प्रशिक्षकाची तऱ्हा निराळी. आठ राखीव खेळाडूंत तो सहा-सहा, सात-सात पुढच्या फळीचे गडी बसवतो. २०२३ च्या अंतिम सामन्यात बॅकलाइनचा एकच राखीव होता, विली ल रू. लिबॉक तर तेविसांतही नव्हता. तेव्हा बेंचवरच्या त्या एक-दोन जागांवर असा माणूस लागतो, जो दहा, बारा, पंधरा, कुठेही उभा राहील. साशा उभा राहतो, डेमियन विलेम्से राहतो. पोलार्ड मुख्यतः दहा नंबरचाच. म्हणजे फक्त किकसाठी एक अख्खी जागा अडवायची.

इथेच २००७ कामाला येतं. त्या विश्वचषकात दहा नंबरला बुच जेम्स होता. खेळ त्यानं चालवला. किक मारायला मागून फुलबॅक माँटगोमेरी यायचा. अंतिम सामना १५-६. माँटगोमेरीच्या चार पेनल्टी, फ्रान्स स्टेनची एक, जेम्सची एकही नाही. जेम्सला कुणी त्यावरून कमी लेखलं नाही. हीच मोकळीक लिबॉकला मिळाली असती आणि किक दुसऱ्याकडे दिली असती, तर आज आपण त्याच्याबद्दल वेगळं बोलत असतो. आत्ताच्या संघातही विंगवरचा चेस्लिन कोल्बे किक मारू शकतो, वेळेला मारलेली आहे.

म्हणून माझा कौल सांगून टाकतो. सुरुवात साशानं करावी, त्यात मला शंका नाही. त्याचा पाय त्या दिवशी लागत नसेल तर टी कोल्बेच्या हातात द्यावी आणि साशाला दहा नंबरवरून हलवू नये. पोलार्ड तंदुरुस्त असेपर्यंत संघात हवा, पण बाद फेरीपुरता आणि पाऊस असेल तर. कोरड्या मैदानावर, जिथे ट्राय करूनच जिंकायचंय, तिथे मी बेंचवरची जागा लिबॉकला देईन. प्रिटोरियाच्या लोकांना हे मुळीच पटणार नाही. पोलार्ड तिथल्या बुल्स संघात परत आलाय आणि साशा, लिबॉक दोघेही केप टाउनच्या स्टॉर्मर्समधून पुढे आलेले, त्यामुळे त्यांचं उत्तर काय असेल ते मला आत्ताच ऐकू येतंय.

नमस्कार.