परत आलेली खाट

(नाशिकमधल्या ज्येष्ठ नागरिकांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

संस्थेविषयी बोला, असं मला सांगितलंय. आमची संस्था म्हणजे जुन्या नाशकातल्या एका वाड्याच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. आत लोखंडी खाटा, चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या, कमोडच्या खुर्च्या, एअरबेड आणि प्राणवायूची सात यंत्रं. घरात कोणी आजारी पडलं की माणसं येतात, अनामत ठेवून वस्तू नेतात. गरज संपली की वस्तू आणून देतात आणि अनामत घेऊन जातात. भाडं नाही. अशी रुग्णसाहित्य केंद्रं आता गावोगावी आहेत, तुमच्यातल्या कित्येकांनी कुठून ना कुठून वॉकर आणलाही असेल.

मी तिथला खजिनदार. त्याआधी नाशिकरोडला प्रेसमध्ये, म्हणजे नोटा-मुद्रांकांच्या सरकारी छापखान्यात, ३१ वर्षं नोकरी केली. तिथे प्रत्येक ताव मोजून घ्यायचा आणि मोजून द्यायचा. खराब झालेला ताव फेकून देता येत नाही, त्याचाही हिशेब लागतो. ती सवय घेऊन मी या कामात आलो. त्यामुळे माझं लक्ष आधीपासून एकाच गोष्टीवर राहिलं: गेलेली वस्तू परत आली का? देणगीदारांविषयी पुष्कळ बोललं जातं, आणि बोललंही पाहिजे. पण आज मला वस्तू परत आणणाऱ्या माणसांविषयी बोलायचंय.

आपल्या गावाला हे काम नवीन नाही. सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० सालची. पेशवाई जाऊन तेव्हा बावीसच वर्षं झाली होती. त्या काळात या गावातल्या माणसांना वाटलं की पुस्तकं एकाच्या कपाटात राहू नयेत, ती फिरावीत. वाचनालयाची श्रीमंती कपाटात किती पुस्तकं आहेत यावर आपण मोजतो. मला वाटतं ती नेलेलं पुस्तक परत आणून देणाऱ्यांवर मोजावी. प्रत्येकाने पुस्तक घरीच ठेवलं असतं, तर वाचनालय दोन वर्षांत बंद पडलं असतं. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेतल्या पुस्तकांच्या पेट्या आज कुठे कुठे पोचल्यात, तेही याच भरवशावर. आमची खाट त्याच घराण्यातली आहे.

पण पुस्तक परत करणं आणि खाट परत करणं यात एक मोठा फरक आहे.

वॉकर परत येतो तेव्हा बहुतेक वेळा आनंद असतो. मांडीचं हाड मोडलेल्या आजी स्वतः चालत येतात, वॉकर नातवाच्या हातात असतो. पेढेही येतात. खाट तशी येत नाही. खाट परत येते, कारण तिच्यावरचं माणूस गेलेलं असतं. आणि इकडे आमच्या वहीत तिच्यासाठी दुसरं कुटुंब थांबलेलं असतं. माणूस गेल्याचं आम्हाला कळतं. फोन करायचा तरी कधी?

आमच्या संस्थेत एक नियम आहे. तो कुठल्या घटनेत लिहिलेला नाही. तेराव्याच्या आत फोन करायचा नाही. हा नियम आमच्या एका ताईंनी घालून दिला. त्या सिव्हिलमधून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या. फोन त्याच करतात. ‘घरी सगळे कसे आहेत? आई जेवतात ना नीट?’ एवढंच विचारतात, खाटेचं नाव काढत नाहीत. समोरचं माणूसच दोन मिनिटांनी म्हणतं, ‘ताई, ती खाट न्यायची आहे ना?’ मग त्या छोट्या हत्ती टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून स्वतः जातात. खाट काढायच्या आधी दहा मिनिटं त्या घरात बसतात. दिलेला चहा घेतात. मी एकदा म्हटलं होतं, ताई, टेम्पोवाल्याला थांबण्याचे पैसे पडतात. त्या म्हणाल्या, मग माझ्या नावावर लिहा.

पाथर्डी फाट्याजवळच्या एका घरात असं झालं की खाटेवर चादर तशीच अंथरलेली होती. उशीला खळगा तसाच. एकुलता एक मुलगा, आई जाऊन तीन आठवडे झालेले, आणि तो खाटेला हात लावू देईना. ताईंनी टेम्पो रिकामा परत पाठवला. त्याच दिवशी सिडकोतलं एक कुटुंब खाटेसाठी थांबलं होतं. त्यांचे वडील जमिनीवर गादी टाकून झोपत होते आणि त्यांना उठवताना सुनेची पाठ धरली होती. मी ताईंशी भांडलो. मी म्हटलं, जिवंत माणसाची गरज आधी. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, खाट दुसरीकडून आणता येईल. या मुलाकडून आज हिसकावली, तर तो पुन्हा कुठल्याच संस्थेच्या दारात उभा राहणार नाही.

तेव्हा मला देवमामलेदार आठवले. आपण सगळे गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, त्यांच्या मंदिरात जातो, त्यांच्या नावाच्या पटांगणावर वसंत व्याख्यानमाला ऐकतो. सटाण्याला मामलेदार असताना १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उपाशी माणसांना वाटला, अशी त्यांची गोष्ट आहे. पुढचा चमत्काराचा भाग ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा. मला त्या गोष्टीत दिसतो तो किल्ल्या हातात असलेला एक सरकारी माणूस. त्या रात्री त्याला झोप लागली नसेल. हिशेब ठेवणाऱ्यालाच हिशेब कुठे बाजूला ठेवायचा हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवताना समोर दोन्हीकडे माणसंच असतात.

सिडकोतल्या कुटुंबाला आम्ही दोन दिवसांनी म्हसरूळहून खाट मिळवून दिली. ते दोन दिवस त्या सुनेने कसे काढले असतील, हे अजून माझ्या मनातून जात नाही. आणि महिनाभराने तो मुलगा स्वतः खाट घेऊन आला. अंबडच्या एका कारखान्यात तो पावडर कोटिंगच्या कामावर होता. गंजलेले पाय घासून त्याने नवा रंग चढवून आणला होता, चारी पायांना नवी रबरी टोपणं बसवली होती, डोक्याकडची बाजू वर करायचं हँडल ग्रीस घालून मोकळं केलं होतं. म्हणाला, आईला रात्री हे हँडल फिरवलं की करकर आवाजाने जाग यायची. तेव्हापासून आमच्या सगळ्या खाटा वर्षातून एकदा त्याच्याकडे जातात.

संस्था कशी उभी राहिली, याचं माझं उत्तर अशा माणसांत आहे. सातपूरचा एक वेल्डर चाकाच्या खुर्च्यांच्या तुटलेल्या पायपट्ट्या जोडून देतो. भद्रकालीतला एक शिंपी एअरबेडची खोळ शिवतो. दर शनिवारी परसात एक मावशी आलेल्या वस्तू आधी साबणाच्या, मग जंतुनाशकाच्या पाण्याने धुऊन उन्हात ठेवतात. कमोडच्या खुर्च्यासुद्धा. गाडगेबाबांची धर्मशाळा आपल्या नाशकात आहे. बाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. आधी झाडू, मग शब्द. मावशींना खुर्ची घासताना बघितलं की तो क्रम मला कळतो.

१५ एप्रिल १९२० ला शाहू महाराज नाशकात आले आणि उदाजी मराठा वसतिगृहाची कोनशिला बसवली. आपल्या शहराने जपावा असाच तो दिवस आहे. त्या काळात महाराष्ट्रात कितीतरी वसतिगृहं मुष्टिफंडावर चालत. बायका रोज दळण करताना किंवा भात शिजवताना मूठभर धान्य वेगळं काढून ठेवायच्या आणि आठवड्याने ते गोळा व्हायचं. कोनशिलेवर नावं असतात, मुठीवर नसतात. वसतिगृहातल्या पोरांसाठी पहाटे भाकरी थापणाऱ्या बायांची नावं कोणाला माहीत असतील?

कामाची थोडी माहितीही सांगतो, तुमच्या घरी उपयोगी पडेल. वॉकर देताना आम्ही माणसाला उभं करतो. हात सरळ खाली सोडल्यावर वॉकरची मूठ मनगटाशी यायला हवी. उंच झाला तर खांदे दुखतात, बुटका झाला तर माणूस वाकून चालतो आणि पडतो. एअरबेडमध्ये हवेच्या कप्प्यांच्या दोन रांगा असतात. पंप आळीपाळीने एक भरतो, दुसरी सोडतो, म्हणजे अंगाच्या एकाच जागी सतत दाब राहत नाही. पण एअरबेड आणला म्हणून कूस बदलायचं काम संपत नाही. दर दोन तासांनी रुग्णाला वळवायचंच. टाचा, माकडहाड, कोपर रोज बघायचे. कातडी लाल दिसली आणि दाबल्यावर लाली गेली नाही, तर डॉक्टरांना लगेच दाखवायचं. जखम झाल्यावर नाही. हे आमचे कार्यकर्ते वस्तू देताना सांगतात, आणि आठ दिवसांनी फोन करून पुन्हा विचारतात.

प्राणवायूच्या यंत्राला सगळे कॉन्सन्ट्रेटर म्हणतात. ते हवेतला नायट्रोजन अडवून ठेवतं आणि प्राणवायू पुढे सोडतं. सिलिंडरसारखं भरून आणावं लागत नाही, पण वीज गेली की बंद. म्हणून जोडीला भरलेला सिलिंडर ठेवायचा, मागची जाळी आठवड्याला धुवायची, बाटलीतलं पाणी बदलायचं.

एप्रिल २०२१ मध्ये या सात यंत्रांसाठी वहीत नावांची जी रांग होती, ती पानं मी अजून उघडत नाही. मिनिटाला पाच लिटर देणारं यंत्र सगळ्यांना पुरत नाही. काही घरांना आमचे कार्यकर्ते सांगत होते की यंत्राची वाट पाहू नका, पेशंटला दवाखान्यात हलवा, आणि त्या दिवसांत नाशकात खाट मिळणं म्हणजे काय होतं हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. आमचा एक कार्यकर्ता, यंत्रं पोचवणाराच, त्या महिन्यात गेला. त्याच्या घरीही आमचंच यंत्र लावलेलं होतं. ते परत आणायला मी गेलो. ताईंसारखं दहा मिनिटं बसलो. त्याच्या बायकोने यंत्राची जाळी धुऊन ठेवली होती. ‘ते असंच परत करायचे,’ म्हणाली.

पुराचं सांगायचं राहिलं. २ ऑगस्ट २०१६. गंगेला पूर आला की नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून अंदाज घेतात, पण त्या दिवशी पाण्याने अंदाजाला वेळच दिला नाही. सराफ बाजार, भांडी बाजार पाण्यात. आमचा वाडा उतारावर. गल्लीतली गणेश मंडळाची पोरं कोणी न बोलावता आली आणि खाटा, खुर्च्या जिन्यावरून माळ्यावर चढवल्या. गाद्या गेल्या, वह्या भिजल्या. कोणती वस्तू कोणाकडे आहे, हेच आमच्याकडे राहिलं नाही. पुढच्या दोन महिन्यांत माणसं आपणहून पावत्या घेऊन यायला लागली. ‘तुमच्या वह्या भिजल्या असं कळलं, आमच्याकडे एक व्हीलचेअर आहे, लिहून घ्या.’

हिशेबाविषयी थोडक्यात. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे. ३१ मार्चला हिशेब बंद होतो, सहा महिन्यांच्या आत लेखापरीक्षण. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत फेरफार अर्ज. ज्यांना देणगीवर आयकरात सवलत हवी असते त्यांना सांगतो की दोन हजारांपुढची रक्कम रोख देऊ नका, चेकने द्या. नवीन संस्था काढणारे हे कागद कंटाळवाणे समजतात. माझी विनंती आहे, असं समजू नका. ज्याने विश्वासाने पैसे दिले त्याला उत्तर देण्याची ही रीत आहे.

आणि पावती प्रत्येकाला. गंगेवर बुधवारच्या बाजारात भाजी विकणाऱ्या एक आजी आहेत. बाजार उठला की वाड्यावर येतात आणि वीस रुपये देतात. पहिल्यांदा मला वाटलं, वीस रुपयांची पावती त्यांना कशाला हवी असेल. पण नियम म्हणून फाडली आणि नाव विचारलं. त्यांनी नवऱ्याचं नाव सांगितलं. त्यांच्या मालकांनी शेवटचे पाच महिने आमचा वॉकर वापरला होता. आजींना वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, काय लिहिलं ते वाचा. मी पूर्ण नाव वाचलं, खालची रक्कम वाचली. त्यांनी पावती घडी करून बटव्यात ठेवली. दर बुधवारी मी ते नाव मोठ्याने वाचतो.

मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच ते सात आमच्याकडे फोन घ्यायला माणूस नाही. परिचारिका ताईंचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत. त्यांच्या जागी घराघरांत जाऊन बसणारं कोणीतरी हवंय. शिकवायला त्या तयार आहेत. तुमच्यातल्या कोणाला जमत असेल तर भाषणानंतर मला भेटा. आणि उद्या सकाळी नऊला आडगावहून एक खाट परत यायची आहे. टेम्पोतून उतरवायला दोघं लागतात. सध्या मी एकटाच आहे.