ढीग तोच, छप्पर बदललं

(दृश्य: मालाच्या दारात उतरवलेले खोके. कॅमेरा एका खोक्याजवळ जातो.)

या खोक्यात दोनशे ब्रॅकेट आहेत. पुरवठादाराच्या तपासनिसाने काल संध्याकाळी ते मोजले, गेज (माप तपासायचं साधन) लावून पाहिले, वर शिक्का मारला. रात्री गाडी भरली. सकाळी गाडी गेटवर अडकली, कारण पुढे चार गाड्या उभ्या होत्या. मग गेट एंट्री झाली, इनवर्ड म्हणजे आवक नोंद झाली. आता हेच ब्रॅकेट पुन्हा मोजले जातील, तसल्याच गेजने पुन्हा तपासले जातील आणि रिपोर्ट येईपर्यंत या पिवळ्या पट्ट्याच्या आत पडून राहतील. प्रत्यक्ष काम किती झालं होतं त्यांच्यावर? प्रेसचा एक ठोका, दोन भोकं, थोडं वेल्डिंग. काही मिनिटांचा मामला. बाकीचा सगळा वेळ थांबण्यात आणि इकडून तिकडे हलण्यात गेला.

टोयोटाचे ताइइची ओनो यांनी वाया जाण्याचे सात प्रकार सांगितले. गरजेपेक्षा जास्त बनवणं, वाट पाहणं, वाहतूक, नको ती प्रक्रिया, साठा, विनाकारण हालचाल आणि सदोष माल. त्यात पहिला प्रकार ते सगळ्यांत वाईट मानत, कारण बाकीचे बरेचसे त्याच्यामागून येतात.

ही यादी हातात घेऊन स्वतःच्या कारखान्यात फिरणारे पुष्कळ भेटतात. ती गेटबाहेर फार कमी जाते. गेलीच, तर अशी जाते: "आम्हाला साठा कमी करायचाय, माल तुमच्याकडेच ठेवा." ढीग तेवढाच राहतो, फक्त छप्पर बदलतं. त्यात अडकलेल्या पैशावरचं व्याज कुणीतरी भरतंच, आणि ते पुढच्या कोटेशनमध्ये गुपचूप परत येतं.

(दृश्य: खरेदी विभाग. पडद्यावर महिन्याच्या ऑर्डरींचा तक्ता.)

हा तक्ता बघा. लाइनवर रोज शंभर ब्रॅकेट लागतात, आज, उद्या, परवा, तेवढेच. ऑर्डर मात्र तीन आठवडे नाही, आणि चौथ्या आठवड्यात एकदम अडीच हजारांची, वर 'अर्जंट' असा शेरा. पुरवठादार त्या आठवड्यात ओव्हरटाइम लावतो, मग मशीन रिकामी ठेवतो. पुढच्या वेळी अडचण नको म्हणून थोडा माल जास्त काढून ठेवतो, आणि पत्रा त्याहून थोडा जास्त मागवतो. मागणीचे हे हेलकावे साखळीत मागे जाताना वाढत जातात, हे एमआयटीचे जे फॉरेस्टर यांनी १९५८ साली मांडलं होतं. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बलला डायपरच्या बाबतीत तेच दिसलं. बाळं रोज जवळपास तेवढेच डायपर वापरत होती, कारण त्यांना महिनाअखेरीचं टार्गेट नसतं. कच्च्या मालाच्या ऑर्डरी मात्र वरखाली उसळत होत्या. आज याला बुलव्हिप, म्हणजे चाबकाचा, इफेक्ट म्हणतात. त्याची सुरुवात बऱ्याचदा खरेदी करणाऱ्याच्याच टेबलावर होते, आणि बोलणी मात्र पुरवठादार खातो.

उपाय सगळ्यांना पाठ आहे. रोज थोडं थोडं मागवा.

खरी गोची इथेच आहे.

(दृश्य: पुरवठादाराची शेड. मोठा प्रेस बंद. दोन कामगार डाय सोडवताहेत.)

या प्रेसचा डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायला चार तास लागत असतील, तर शंभर ब्रॅकेटसाठी तो कोण बदलेल? मालक एकदाच पाच हजार काढतो आणि त्यातले रोज शंभर पाठवतो. ग्राहकाच्या प्रेझेंटेशनमध्ये जस्ट-इन-टाइम, म्हणजे लागेल तेव्हा लागेल तेवढाच माल, आणि शेडच्या मागच्या भिंतीला टेकलेला ढीग.

टोयोटातल्या एका हजार टनी प्रेसलाही डाय बदलायला चार तास लागायचे. जपानी इंजिनियर शिगेओ शिंगो यांनी ते काम आधी दीड तासावर आणि नंतर तीन मिनिटांवर आणलं. युक्ती ऐकायला साधी आहे. मशीन चालू असताना जे करता येतं ते सगळं तेव्हाच उरकायचं. पुढचा डाय शेजारी आणून ठेवायचा, बोल्ट-पाने हाताशी, उंची आधीच जुळवलेली. मशीन बंद करायचं ते फक्त बंद मशीनवरच होणाऱ्या कामासाठी. आता या कामगाराकडे नीट बघा. गेली दहा मिनिटं तो पाना शोधतोय.

म्हणून लहान लॉट मागणाऱ्या ग्राहकाने आधी स्वतःचा इंजिनियर या प्रेसपाशी उभा करायला हवा. टोयोटाने पुरवठादारांकडे आपली माणसं पाठवली ती यासाठीच. वाचलेला प्रत्येक पैसा लगेच भावातून कापून घेतला, तर दुसऱ्या खेपेला शेडचं दार उघडेल, पण खरे आकडे कोणी दाखवणार नाही.

दुहेरी तपासणीचा प्रश्न त्यामानाने सोपा. गेज आणि मोजण्याची पद्धत दोघांनी एकत्र ठरवायची. प्रक्रिया स्थिर असल्याचं दिसलं की माल थेट लाइनवर. दोष सापडला, तर कारण मिळेपर्यंत पुन्हा तपासणी.

(दृश्य: काळी स्क्रीन. अक्षरं: १ फेब्रुवारी १९९७, करिया, जपान.)

टोयोटाची पुरवठादार आयसिन सेइकी हिच्या कारखान्याला पहाटे आग लागली. टोयोटाच्या गाड्यांच्या ब्रेकमधला पी-व्हॉल्व्ह (मागच्या चाकांच्या ब्रेकचा दाब सांभाळणारा छोटा भाग) जवळजवळ सगळा इथेच बनत होता, आणि टोयोटाकडे साठा काही तासांचाच. लाइन थांबल्या. लीन, म्हणजे वाया जाणारं काढून कमीत कमी साठ्यावर चालणं, हा आगीशी खेळ आहे, असं म्हणणाऱ्यांना यापेक्षा चांगला पुरावा मिळाला नसता.

पण आयसिनने ड्रॉइंग खुली केली. ज्यांनी हा व्हॉल्व्ह आयुष्यात कधी बनवला नव्हता अशा कंपन्या कामाला लागल्या, त्यांत शिलाई मशीनसाठी ओळखली जाणारी ब्रदरही होती. भाव ठरवत कोणी बसलं नाही. काही दिवसांतच व्हॉल्व्ह येऊ लागले आणि लाइन पुन्हा सुरू झाल्या. ओळखीपाळखी, एकमेकांच्या शॉपवर जाणं-येणं, हे सगळं आधीच झालेलं होतं. आगीच्या दिवशी ते उभं करायला वेळ नव्हता.

सगळीकडे साठा शून्य असावा, हा हट्टही टोयोटाने धरला नाही. २०११च्या भूकंपानंतर तिने पुरवठादारांना दोन ते सहा महिन्यांच्या चिप्स ठेवायला सांगितलं, कारण चिप तयार व्हायला महिने लागतात. साठा पुरवठादाराच्याच छपराखाली राहिला. पण दरवर्षी भावात मागितल्या जाणाऱ्या कपातीतला काही हिस्सा त्या खर्चापोटी परत दिला जाई. २०२१च्या सुरुवातीला चिप्सअभावी इतरांच्या लाइन बंद पडत असताना टोयोटाच्या बऱ्याचशा चालू होत्या. सप्टेंबरमध्ये मात्र तिलाही उत्पादनात मोठी कपात करावी लागली.