क्वार्कचा गाभा आणि 'मऊ' या शब्दाने घातलेला घोळ

नमस्कार मंडळी. एकच कमेंट पुन्हा पुन्हा येतेय: 'दोन सूर्यांच्या वस्तुमानाचा न्यूट्रॉन तारा (मेलेल्या ताऱ्याचा अतिघन गाभा) सापडला. क्वार्क, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते कण, सुटे झाले तर द्रव्य मऊ पडतं आणि एवढं वजन पेलत नाही. म्हणजे आत क्वार्क नाहीत. विषय संपला!' विषय संपलेला नाही. आज तेवढंच बोलू.

बेसिक झटपट उरकतो. न्यूट्रॉन ताऱ्याची त्रिज्या 11 ते 13 किलोमीटर, वस्तुमान बहुधा 1.4 सूर्य. घनतेचं आपलं माप म्हणजे अणुकेंद्रातली घनता: दर घन फेम्टोमीटरला (फेम्टोमीटर म्हणजे मीटरचा 10^15 वा भाग) 0.16 कण. आता प्रोटॉनची त्रिज्या 0.84 फेम्टोमीटर धरा. आकारमान येतं सुमारे 2.5 घन फेम्टोमीटर. गोळ्यांनी जागा ठासून भरली तर घनता होते 0.4, म्हणजे अणुकेंद्राच्या अडीचपट. जड ताऱ्याच्या मध्याशी घनता पाचपटीच्या आसपास जाते. मात्र जागा संपली एवढंच या हिशेबातून कळतं. क्वार्क सुटे झाले, हे त्यातून सिद्ध होत नाही.

आणि हे द्रव्य 'तापलेलं' म्हणू नका! दहा कोटी केल्व्हिन म्हणजे ऊर्जेत जेमतेम 0.01 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक), तर क्वार्कचं रासायनिक विभव, म्हणजे आणखी एक क्वार्क आत घालायला लागणारी ऊर्जा, 300 ते 500 एमईव्ही. त्या मापाने तारा थंडगारच. प्रयोगशाळेत कण आदळवून मिळणारा क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा, म्हणजे सुट्या क्वार्कचं तापलेलं द्रव्य, दीडशे एमईव्हीचा, तो प्रकारच वेगळा.

आता मुद्दा. ताऱ्याला तोलून धरतो दाब. ऊर्जाघनता वाढली की दाब किती चटकन वाढतो, तो उतार म्हणजे ध्वनिवेगाचा वर्ग, प्रकाशवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. उतार जास्त तर द्रव्य कडक, कमी तर मऊ. वस्तुमानरहित, एकमेकांशी न भांडणाऱ्या क्वार्कसाठी उतार 1/3. तो पुरत नाही असं गृहीत धरून लोक निकाल देतात.

पहिली बाजू. बॅग मॉडेल घ्या, म्हणजे क्वार्क जणू एका पिशवीत कोंडलेत असं मानणारं सोपं गणित: दाब = (ऊर्जाघनता − 4B) ÷ 3. इथे B म्हणजे ती पिशवी टिकवायला दर घनफळामागे लागणारी ऊर्जा. B काहीही ठेवा, उतार 1/3 च. पण कमाल वस्तुमान B वर ठरतं. B 57 एमईव्ही प्रति घन फेम्टोमीटर घेतला तर सुमारे 2 सूर्य, 90 घेतला तर 1.6. उतार तोच, तारा वेगळा! नुसतं 'मऊ' म्हणून उत्तर येत नाही. दाब शून्यावरून कुठे उठतो हेही बघावं लागतं.

दुसरी बाजू. हा 1/3 आदर्श वायूचा आकडा आहे. बरोबर लागू होतो तो अणुकेंद्राच्या चाळीसपट वगैरे घनतेला, जिथे क्वार्कना बांधून ठेवणारं प्रबळ बल क्षीण होतं. ताऱ्यात आपण पाचपटीवर आहोत. तिथे क्वार्कमधलं प्रतिकर्षण उतार 1/3 च्या वर नेऊ शकतं. 2 सूर्य गाठायचे तर उतार वाटेत कुठेतरी 1/3 ओलांडतो, असंच निरीक्षणं सुचवतात. सर्वांत चांगलं मोजमाप जे0740+6620 या पल्सारचं (नियमित स्पंद पाठवणारा, फिरणारा न्यूट्रॉन तारा): 2.08 सूर्य, चूक 0.07. उलट दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून 17 ऑगस्ट 2017 ला आलेल्या गुरुत्वीय लहरींनी सांगितलं की मधल्या घनतेला द्रव्य फार कडक नको, नाहीतर तारे एकमेकांच्या भरतीच्या ओढीने जास्त विकृत झाले असते. दोन्ही अटी पाळायच्या तर दाबाचा वक्र आधी मवाळ, मग एकदम चढता.

तिसरी बाजू, आणि हीच सगळे विसरतात. मऊपणा क्वार्कची मक्तेदारी नाही. न्यूट्रॉनांचे हायपेरॉन (स्ट्रेंज नावाचा क्वार्क असलेले त्यांचे जड भाऊबंद) झाले तरी द्रव्य मऊ पडतं. मग त्याच तर्काने हायपेरॉनही बाद करा की! शिवाय कडक क्वार्क गाभ्याचा संकरित तारा (आत क्वार्क, बाहेर न्यूट्रॉन-प्रोटॉन) आणि निव्वळ न्यूट्रॉन-प्रोटॉनचा तारा यांचे वस्तुमान-त्रिज्येचे वक्र जवळजवळ एकावर एक बसू शकतात. फक्त वस्तुमान मोजून आतला माल ओळखता येत नाही.

'स्ट्रेंज क्वार्क मध्येच कुठून?' असंही विचारता. प्रोटॉन-न्यूट्रॉनात अप आणि डाउन हे दोनच प्रकार असतात, स्ट्रेंज हा तिसरा. विद्युतभार बघा: अप +2/3, डाउन −1/3, स्ट्रेंज −1/3. तिघे सारखे असले की बेरीज शून्य, इलेक्ट्रॉनची गरजच नाही. वर, एकाच प्रकारच्या क्वार्कना एकाच ऊर्जा-पायरीवर गर्दी करता येत नाही, म्हणून दोन प्रकारांत दाटण्यापेक्षा तिन्हींत पसरलं की ऊर्जा कमी. स्ट्रेंजचं 93 एमईव्ही वस्तुमान तेवढं आडवं येतं. पुरेशा घनतेला तिन्ही प्रकार, तिन्ही रंग (रंग म्हणजे क्वार्कचा प्रबळ बलाचा भार, खरा रंग नव्हे) जोड्या लावतात. नऊच्या नऊ क्वार्क बांधले जातात. यालाच रंगीय अतिवाहकता म्हणतात. जोडी तोडायला लागणारी ऊर्जा दहा-वीस एमईव्ही असली तरी तापमानापेक्षा हजारपटीने मोठी. म्हणून त्या गाभ्यातून न्यूट्रिनोंद्वारे होणारं थंड होणं जवळपास थांबतं. जोड्या नसत्या तर डाउनचा अप होताना न्यूट्रिनो धडाधड सुटून तारा झपाट्याने गार झाला असता. म्हणजे 'क्वार्क असले की तारा पटकन थंड होतो' हेही जोडीचा प्रकार ठरवल्याशिवाय म्हणता येत नाही.

मग ओळखायचं कसं? दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर झाल्यावर उरलेला गोळा थरथरतो, त्या थरथरीच्या गुरुत्वीय लहरींत. आत अचानक मऊ पडणारी अवस्था आली तर गोळा आणखी आकसतो आणि मुख्य वारंवारता वर सरकते. हा आवाज 2 ते 4 किलोहर्ट्झचा, आणि तिथेच आजची लहरी टिपणारी यंत्रं कमी संवेदनशील. 2017 ला टकरीआधीचा संकेत स्पष्ट आला, नंतरचा आलाच नाही.