तुटीचा वाटा : आंतरराष्ट्रीय कायद्यातील न्याय्यतेविषयी

(धुळे येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, देशादेशांमधले तंटे सोडवणाऱ्या हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं धुळ्यात काय काम, असं कुणालाही वाटेल. पण पाणी कमी पडलं तर झळ कुणी सोसायची, या प्रश्नाचा अभ्यास इथल्या पांझरा नदीच्या काठी तीन-चारशे वर्षांपासून चालू आहे. फड पद्धत इथल्या जुन्या माणसांना ठाऊक आहेच, मुलांसाठी थोडक्यात सांगतो. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे साधारण तीन-चार फड. एका फडात एकच पीक, ते सगळ्यांनी बसून ठरवायचं आणि पुढे फेरपालट करायची. पाणी पाटकरी देणार, शेतकऱ्याने स्वतः बारं, म्हणजे पाटाचं तोंड, फोडायचं नाही. यातली खरी खुबी जमिनीच्या वाटणीत आहे. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असते. पाणी कमी दिसलं की एक अख्खा फड कोरडा ठेवायचा. त्या कोरड्या फडात मोठ्या बागायतदाराचंही रान असतं आणि दोन बिघेवाल्याचंही. कुणी कुणाकडे बोट दाखवू शकत नाही.

आंतरराष्ट्रीय कायद्यात न्याय्यतेचं तत्त्व नेमकं इथेच कामाला येतं. नियम असतोच, पण तो जसाच्या तसा लावला की एखाद्याचाच गळा आवळला जातो. तेव्हा काय करायचं?

१९६९ चा उत्तर समुद्राचा खटला घ्या. एकीकडे पश्चिम जर्मनी, दुसरीकडे डेन्मार्क आणि नेदरलँड्स. वाद समुद्रतळाचा, म्हणजे त्याखालच्या तेल-वायूचा. दोन्ही शेजाऱ्यांचं म्हणणं होतं की १९५८ च्या जिनिव्हा करारातली समान अंतराची रेषा ओढा. ऐकायला किती सरळ! दोन्ही किनाऱ्यांपासून सारखं अंतर, भांडणाला जागाच नाही. पण नकाशा समोर धरला की जर्मनीचा किनारा आत दबलेला दिसतो. डावीउजवीकडून निघालेल्या रेषा समोर जाऊन एकमेकींना भिडतात, आणि भलामोठा किनारा असूनही जर्मनीच्या पदरात छोटा तुकडा पडतो. जर्मनीने त्या कराराला मान्यता दिलेली नव्हती. न्यायालयाने ११ विरुद्ध ६ मतांनी सांगितलं की ही रेषा जर्मनीवर बंधनकारक नाही, तिघांनी न्याय्य तत्त्वांना धरून आपसात ठरवावं. १९७१ मध्ये नवे करार झाले आणि जर्मनीचा वाटा वाढला.

याच निकालात न्यायालयाने हेही बजावलं की न्याय्य म्हणजे सारखं नव्हे. ज्याचा किनारा आखूड, त्याला लांब किनाऱ्यावाल्याइतका समुद्र मिळणार नाही. निसर्गाची मांडणी न्यायालय बदलत नाही, मांडणीतल्या एखाद्या वळणामुळे होणारा अतिरेक तेवढा दूर करतं. पुढे १९८२ मध्ये ट्युनिशियाने लिबियाविरुद्ध आपली गरिबी पुढे केली. न्यायालयाने ते मुद्दाम बाजूला ठेवलं. आज गरीब असलेला देश उद्या तेल सापडून श्रीमंत होईल, मग सीमा पुन्हा हलवायची का? हे मला पूर्ण पटतं. न्याय्यता दयेवर उभी केली की ती दात्याच्या मर्जीवर जाते.

आपल्याच देशाचं उदाहरण बंगालच्या उपसागराचं आहे. बांगलादेशाचा किनारा जर्मनीसारखाच आत दबलेला, दोन्ही बाजूंना भारत आणि म्यानमार. २०१४ मध्ये भारत-बांगलादेश वादात लवादाने आधी समान अंतराची रेषा घेतली, मग ती बांगलादेशाच्या बाजूने वळवली. वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाला गेले. मोठ्या भारताने तो निर्णय मान्य केला. मला त्याचा अभिमान वाटतो आणि तो मी इथे उघडपणे बोलून दाखवतो.

नद्यांचा प्रश्न समुद्राहून अवघड, कारण रेषा ओढून पाणी थांबत नाही. १९९६ चा भारत-बांगलादेश गंगा करार तीस वर्षांसाठी झाला. न्याय्यता, रास्तपणा आणि कुणाचंही नुकसान न होणं ही तत्त्वं त्यात शब्दशः लिहिलेली आहेत. जानेवारी ते मे या काळात पश्चिम बंगालमधल्या फराक्का बंधाऱ्यावरच्या प्रवाहाची दहा-दहा दिवसांच्या टप्प्यांनी वाटणी होते. प्रवाह ७०,००० क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट) किंवा त्याहून कमी असेल तर निम्मा-निम्मा. ७० ते ७५ हजारांत बांगलादेशाला ३५,००० आणि उरलेलं भारताला. त्यापुढे भारताला ४०,००० आणि बाकीचं बांगलादेशाला. सगळ्यात कमी पाण्यात सारखी वाटणी हा त्याचा गाभा, आणि फडातल्या शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागणार नाही.

आता जी गोष्ट मला सलते तिच्याकडे येतो. ही सगळी न्याय्यता सरकारांमधली आहे. नर्मदेचा लवाद देशांतर्गत होता, पण तत्त्व हेच. १९७९ मध्ये २८ दशलक्ष एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एकरभर जमिनीवर फूटभर उभं राहील एवढं) पाण्याची वाटणी झाली : मध्य प्रदेश १८.२५, गुजरात ९, राजस्थान ०.५, महाराष्ट्र ०.२५. आकड्यांचा हिशेब चोख. पण सरदार सरोवर धरणात बुडाली ती नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणीची गावं, महाराष्ट्रातली एकूण ३३. बुडण्याआधी पुनर्वसन आणि खातेदाराला किमान दोन हेक्टर जमीन, हे लवादानेच लिहून ठेवलेलं होतं. सातपुड्यातल्या कित्येक पाड्यांत जमिनीच्या आधी पाणी पोहोचलं. पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसणाऱ्याकडे सातबारा नाही, म्हणून तो यादीतच नाही. अशांना ‘अघोषित’ म्हणायची वेळ आली. राज्याराज्यांत समन्यायी वाटप झालं, आणि कोरडा फड मात्र एकट्या आदिवासीच्या नावावर चढला.

आंतरराष्ट्रीय नद्यांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९९७ च्या करारात यावर एक धागा सापडतो. न्याय्य आणि वाजवी वापराचं तत्त्व त्यात आहेच, शिवाय वापरांमध्ये संघर्ष आला तर माणसांच्या जगण्याच्या मूलभूत गरजांकडे विशेष लक्ष द्यावं असंही कलम १० सांगतं. हा करार २०१४ मध्ये लागू झाला. मतदानाच्या वेळी भारत तटस्थ राहिला आणि अजूनही बाहेर आहे. आपण त्यात सामील व्हावं असं माझं ठाम मत आहे. बंगालच्या उपसागरात जो मोठेपणा दाखवला, तो नदीच्या बाबतीत का नको?

गंगा कराराची मुदत डिसेंबर २०२६ ची. त्यातलं वेळापत्रक १९४९ ते १९८८ च्या सरासरी प्रवाहावर बेतलेलं आहे. वरच्या अंगाला उपसा वाढला, पाऊस बदलला, तरी जुन्याच सरासरीवर नवा करार लिहिला तर भांडण कायमचं घरात घेतल्यासारखं होईल. शिवाय नदीने स्वतःसाठी किती वाहायचं याचा आकडा त्यात कुठेच नाही. नैऋत्य बांगलादेशात उन्हाळ्यात खारं पाणी नदीतून वर चढतं, शेतं आणि प्यायचं पाणी नासतं. नव्या करारात नदीचा वाटा आधी बाजूला काढावा, दोन्ही काठांच्या मच्छीमारांना आणि शेतकऱ्यांना मोजणीच्या जागी बसायचा हक्क द्यावा, आणि मगच दोन्ही सरकारांनी उरलेल्या पाण्याची वाटणी बोलावी.