पाण्यात पाय घालण्याआधी

[दृश्य: अर्धवट उघडं दार. उंबऱ्याच्या आत घोटाभर गढूळ पाणी. त्यावर एक चप्पल तरंगते आहे.]

या घरात काल रात्री वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला. पाणी छतातून झिरपत खाली आलं, तळमजला भरला आणि जिन्यावरून तळघरात उतरलं. आता सकाळ झाली आहे. घरमालक दारात उभे आहेत आणि भेटेल त्याला एकच सांगताहेत, "लवकर काहीतरी करा."

पाण्याने खराब झालेली घरं कोरडी करून देणारी सहा जणांची टीम आली आहे. गाडीतून पंप उतरले, वेट व्हॅक्यूम उतरला, पंखे उतरले. सगळ्यात नवा मुलगा गमबूट चढवून उंबऱ्याशी पोचलासुद्धा.

"ताई, जाऊ आत?"

"थांब. पाय बाहेरच ठेव," टीमच्या प्रमुख ताई म्हणतात.

पुढचा अर्धा तास कुणीही आत जाणार नाही.

घरमालकांची घाई खोटी नाही. भिजलेल्या जिप्सम बोर्डवर, लाकडावर, गालिच्यावर २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते. एकदा ती भिंतीच्या आत शिरली की नुसतं वाळवून भागत नाही, भिंत फोडावी लागते. त्यामुळे या धंद्यात प्रत्येकाच्या डोक्यात घड्याळ चालू असतं. पण या ४८ तासांतला अर्धा तास दारात गेला म्हणून घराचं फारसं काही बिघडत नाही. आत जाणाऱ्या माणसाचं मात्र त्या अर्ध्या तासावर सगळं ठरतं.

[दृश्य: तळघराचा जिना. चौथ्या पायरीपासून खाली पाणी.]

ताई आधी वीज बघतात. मेन स्विच तळघरात आहे आणि तळघरात कमरेइतकं पाणी आहे. तिथे उतरून स्विच पाडायचा विचारसुद्धा नको. वीज कंपनीला फोन जातो, पुरवठा बाहेरूनच तोडून घ्यायचा. वीस मिनिटं जातात. घरमालक येरझाऱ्या घालतात. ताई त्यांना शांतपणे सांगतात की हे झाल्याशिवाय माझा माणूस आत जाणार नाही.

ओल्या अंगाला वीज इतकी का धरते? कोरडी त्वचा विजेला चांगला अडथळा करते, काही हजार ओहमपासून लाखापर्यंत. त्वचा भिजली की सगळ्या शरीराचा अडथळा हजार ओहमच्या आसपास येऊन ठेपतो. २३० व्होल्टचा पुरवठा असेल तर अशा अंगातून साधारण २३० मिलिअँपिअर वीज जाऊ शकते. ६० वॉटच्या साध्या बल्बमधून जाते, तिच्याहूनही थोडी कमीच. हृदयाची लय बिघडायला याहून बरीच कमी पुरते.

पुरवठा तुटल्याचा निरोप आला. तरी ताई टेस्टर काढतात. घरात इन्व्हर्टर असू शकतो, छतावर सौर पॅनेल असू शकतात, शेजारच्या कुणीतरी चुकीचा जोडलेला जनरेटर उलटी वीज आत ढकलत असू शकतो. मेन बंद असला तरी तारा मेल्या असं धरून चालता येत नाही.

[दृश्य: टेस्टर धरलेला हात, अगदी जवळून. रबरी हातमोजा, नखाएवढा लाल दिवा.]

टेस्टर आधी बाहेर चालू असलेल्या जनरेटरच्या सॉकेटला लावला. दिवा लागला. मग कोरड्या उंबऱ्यावर उभं राहून दाराशेजारच्या स्विचबोर्डाला. दिवा लागला नाही. ताई पुन्हा जनरेटरकडे जातात आणि टेस्टर परत त्याच सॉकेटला लावतात. दिवा लागला.

"परत कशाला, ताई?"

"मधल्या वेळात टेस्टरच गेला असता तर? दिवा लागला नाही, एवढ्यावर तू आत गेला असतास ना?"

मुलगा काही बोलत नाही. पण पुढच्या खोलीतला बोर्ड तपासायची वेळ आली, तेव्हा तो स्वतःच टेस्टर घेऊन जनरेटरकडे वळला.

टीमची स्वतःची यंत्रंही इथे विजेवरच चालणार आहेत, तीही ओल्यात. प्रत्येक वायर ३० मिलिअँपिअरच्या ईएलसीबीमधून येते. विजेची गळती झाली की सेकंदाच्या लहानशा अंशात तो पुरवठा तोडतो. कामाच्या आधी त्याचं टेस्टचं बटण दाबून बघायचं. वायरींचे जोड जमिनीवर पडू द्यायचे नाहीत, वर टांगायचे. पाणी, पाइप आणि वायरी यांच्या गुंत्यात पाय अडकून पडणारेही कमी नसतात, म्हणून जायची वाट एकच आणि मोकळी.

[दृश्य: हॉलचं छत. मधोमध पोटासारखा फुगवटा. टोकाला पाण्याचा थेंब जमतो, पडतो, परत जमतो.]

आता हे छत बघा. वरून आलेलं पाणी फॉल्स सीलिंगमध्ये साठलंय. एक चौरस मीटर जागेत पाच सेंटिमीटर पाणी साठलं, की ते होतं ५० किलो. त्यात भिजून मऊ झालेलं बोर्ड आणि इन्सुलेशन यांचं वजन वेगळं. हे कोसळताना आधी आवाज देईलच असं नाही. आणि गंमत म्हणून नव्हे, सवयीने माणसं नेमकी त्या फुगवट्याखाली जाऊन वर बघत उभी राहतात.

इथे आधी घरमालकांना एक प्रश्न जातो: हे छत कधी बसवलं? जुन्या इमारतींमध्ये छताच्या प्लास्टरमध्ये, फरशीच्या टाइल्समध्ये, पाइपांवरच्या गुंडाळ्यांमध्ये, सिमेंटच्या पत्र्यांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. तो न हलवता असला तर सहसा गप्प राहतो. फोडला की त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत जातात, फुप्फुसात रुततात, आणि आजार दिसायला अनेकदा २० ते ४० वर्षं लागतात. म्हणून शंका असेल तर खोली बंद. प्रशिक्षित माणूस नमुना घेतो, तो प्रयोगशाळेत जातो, उत्तर येईपर्यंत हातोडा उचलायचा नाही. मला विचाराल तर या कामातला सगळ्यात अवघड संयम हाच आहे, कारण इथे चूक केली तरी त्या दिवशी कुणालाच काही होत नाही.

हे छत पाच वर्षांपूर्वीचं निघालं, कागदपत्रांसकट. मग पुढे जाता येतं. ताई बाजूला, दाराच्या चौकटीत उभ्या राहतात. लांब दांड्याच्या टोकाने फुगवट्याच्या कडेला बोटाएवढं भोक पाडतात. बारीक धार लागते. खालची बादली भरते, दुसरी सरकते. दहा मिनिटांनी ते पोट बसतं आणि मग बोर्ड तुकड्यातुकड्याने उतरवता येतं.

[दृश्य: बाहेर अंगणात धडधडणारा पेट्रोल पंप. त्याचा जाड पाइप लांबवर घराच्या आत गेलेला.]

पंप इतका लांब का ठेवलाय, असं घरमालक विचारतात. पाइप कमी पडतोय, पंप जरा आत सरकवला तर काम लवकर होईल.

नाही होणार. पेट्रोलवर चालणाऱ्या प्रत्येक इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पट घट्ट धरतं. डोकं दुखतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं वाटतं. दिवसभर राबलेल्या माणसाला हे सगळं थकव्याचंच वाटतं, आणि तो जरा बसतो, तिथेच. २००५ साली अमेरिकेत कतरिना वादळ येऊन गेल्यावर लोकांना या वायूची विषबाधा झाली, ती बहुतांशी जनरेटरांमुळे. वादळातून वाचलेली माणसं होती ती. खिडकी उघडी ठेवून भागत नाही, आणि तोंडावरचा धुळीचा मास्क या वायूला अजिबात अडवत नाही. इंजिन घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून निदान सहा मीटर दूर, आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. तळघरात काम असेल तर विजेवरचा सबमर्सिबल पंप बरा.

तळघराची आणखी एक गोष्ट. बाहेर पूर आलेला असेल, जमीन पाण्याने फुगलेली असेल, तर आतलं सगळं पाणी एका दमात उपसायचं नाही. बाहेरची माती भिंतीला आत रेटत असते, आणि आतलं पाणी तिला तोलून धरत असतं. ते एकदम गेलं की भिंत आत येऊ शकते. अशा वेळी दिवसाला साधारण एक तृतीयांश पाणी काढायचं आणि रोज भिंतीवर नवी भेग आहे का ते बघायचं. या घराची जमीन बाहेरून कोरडी आहे, म्हणून आज थांबायची गरज नाही.

[दृश्य: पाणी उतरतं तसा तळघराचा कोपरा दिसू लागतो. फरशीतल्या ड्रेनच्या जाळीतून काळपट पाणी वर येतंय.]

आणि इथे ताई सगळ्यांना परत बाहेर बोलावतात.

पाइपमधून आलेलं पाणी स्वच्छ होतं. पण तळघराच्या ड्रेनमधून सांडपाणी वर आलंय, म्हणजे आता हे वेगळं पाणी आहे. या व्यवसायात जगभर मानलं जाणारं आयआयसीआरसी संस्थेचं एस-५०० हे मानक पाण्याचे तीन प्रकार करतं: स्वच्छ, काहीसं दूषित, आणि मैलापाणी किंवा पुराचं पाणी. प्रकार कायम राहत नाही. स्वच्छ पाणीसुद्धा गालिच्यात दोन-तीन दिवस मुरलं की खालच्या प्रकारात जातं. त्यामुळे "नळाचंच पाणी आहे" हे वाक्य पहिल्या दिवसापुरतंच खरं धरावं.

आता कपडे बदलतात. पाणी न शिरणारा सूट, उंच गमबूट, हातात जाड रबरी हातमोजे, डोळ्यांवर बंद चष्मा. गढूळ पाण्याखाली खिळे, काचा, सुया काहीही असू शकतं, म्हणून पाय टाकण्याआधी काठीने चाचपायचं आणि हाताने काहीच शोधायचं नाही. ज्याच्या अंगावर उघडी जखम आहे, त्याने आज पंप सांभाळायचा. उंदरांच्या मुतातून पाण्यात आलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच खरचटलेल्या जागेतून अंगात शिरतात. धनुर्वाताचं इंजेक्शन कुणाचं कधी झालंय, याची वही ताईंच्या गाडीत असते.

[दृश्य: नव्या मुलाचा चेहरा. मास्कच्या कडेला दाढीचे खुंट.]

मास्क लावताना अडचण येते. मुलाने तीन दिवस दाढी केलेली नाही. एन-९५ हवेतले निदान ९५ टक्के बारीक कण गाळतो, पण हवा त्याच्यातून गेली तर. दाढी असली की ती कडेने जाते. ताई त्याला दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडायला सांगतात. गालापाशी वारा लागतो. त्याला रेझर दिला जातो आणि बाहेरच्या नळाखाली तो दाढी करून येतो. पुन्हा तळवे, पुन्हा श्वास. या वेळी वारा लागत नाही.

पण एक सांगायला हवं. सूट आणि मास्क हे शेवटचं कुंपण आहे. धोका मुळातच काढून टाकता आला का, नाहीतर माणसापासून दूर ठेवता आला का, हे आधी बघायचं. मैल्याने भिजलेला गालिचा वाचवत बसायचंच नाही, पट्ट्या कापून, गुंडाळून, बांधून बाहेर. पट्ट्या अरुंद कापायच्या, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो आणि गालिचा ते भरपूर पितो. कितीतरी जणांची कंबर पहिल्याच वर्षी अख्खा गुंडाळा उचलताना गेली आहे.

पंख्यांचंही तसंच. पंखा हे या धंद्याचं लाडकं हत्यार आणि घाईतली नेहमीची चूकसुद्धा. मैला किंवा बुरशी खोलीत असताना पंखा लावला तर ती घाण घरभर जाते आणि सगळ्यांच्या नाकात जाते. आधी खराब झालेलं सामान काढायचं, खोली प्लास्टिकने बंद करायची, अगदी बारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरच्या यंत्राने आतली हवा बाहेर ओढायची, घासून धुवायचं. वाळवण त्याच्या नंतर. निर्जंतुक करायला ब्लीच वापरणार असाल तरी चिखलावर ओतून उपयोग नाही, चिखलच त्याची ताकद खातो. आणि ब्लीच अ‍ॅसिडमध्ये किंवा अमोनियाच्या क्लीनरमध्ये कधीही मिसळायचं नाही. बंद तळघरात त्यातून निघणारा वायू माणसाला जिना चढू देत नाही.

[दृश्य: दुसरा दिवस. प्लास्टिकने बंद केलेली खोली. हवेतला ओलावा ओढणाऱ्या डीह्युमिडिफायरची घरघर.]

वाळवणीच्या खोलीत आवाज इतका की ओरडून बोलावं लागतं, म्हणून कानात बोळे. आणि उकाडा. यंत्रं स्वतःच उष्णता सोडतात, त्यात अंगावर हवा न जाणारा सूट. नव्या माणसाला अशा उकाड्यात पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या पाचव्या हिश्शाएवढंच द्यावं आणि रोज तेवढंच वाढवावं, असा नियम आहे. शरीराला सवय लागायला वेळ लागतो. ताई घड्याळ लावून त्याला बाहेर बोलावतात. तो म्हणतो, "मला काही होत नाही." त्या त्याच्या हातात पाण्याची बाटली देतात आणि सावलीत बसवतात.

[दृश्य: संध्याकाळ. गाडीची मागची फळी. उलटे काढलेले हातमोजे, धुतलेले गमबूट.]

हातमोजे मनगटापासून आतली बाजू बाहेर येईल असे काढायचे, बाहेरच्या पृष्ठभागाला बोट लागू द्यायचं नाही. मग साबणाने कोपरापर्यंत हात. त्यानंतरच चहा, त्यानंतरच फोन.

ताई वही उघडतात. प्रत्येकाचं नाव, तारीख, कुठल्या प्रकारच्या पाण्यात किती वेळ होता. नव्या मुलाच्या नावापुढे लिहितात: मैलापाणी, तळघर, तीन तास. पानाचा फोटो काढून त्याला पाठवतात.

"पुढच्या महिनाभरात ताप आला, अंग दुखलं, डोळे लाल झाले, तर घरी झोपून राहू नकोस. डॉक्टरांना हे दाखव आणि सांग, मी घाण पाण्यात उतरलो होतो."

मुलगा फोटो उघडतो, तारीख वाचतो आणि फोन खिशात ठेवतो.